सेकंडचा माल

आमच्या घरात एकही चादर धड नव्हती.
एका मोराला पाय नव्हता,
एका वेलीची कळी उमलता उमलता थांबलेली,
आणि एकीवर लाल पट्टा मध्येच निळा झाला होता.
त्या दिवशी कांडी बदलताना
मी शाळेत चक्कर येऊन पडल्याचा निरोप आला होता.
चोख माल गाठी बांधून गावोगाव गेला.
चुकलेला नायनांनी पगारातून कापून घेतला
आणि आम्हा तिघी बहिणींवर पांघरला.

नायना म्हणजे वडील.
आम्ही घरात तेलुगू बोलतो, भांडतो मराठीत,
हिशेब नायना बोटांवर करत,
कुठल्याच भाषेत नाही.

साखर पेठेतल्या शेडमध्ये अडतीस वर्षं.
चोवीस मागांच्या खडखडाटात
त्यांचे कान त्यांच्याआधी रिटायर झाले.
मग ते ओरडूनच बोलायचे.
माझ्या लग्नाची बोलणी अख्ख्या बोळाने ऐकली,
गणितातले माझे बावीस मार्कही.
एका दिवाळीत आईला, नव्या इरकलीत,
"बरी दिसतेस" म्हणाले,
तर समोरच्या ओट्यावर विड्या वळणाऱ्या बायका
मांडीवरची सुपं धरून हसत सुटल्या.
आई आठवडाभर मागच्या दाराने ये-जा करत होती.

संत वगैरे नव्हते.
मला नर्सिंगला पाठवायला तीन महिने नाही म्हणाले,
ताट सारून उठले दोनदा.
चौथ्या महिन्यात फीची पावती
माझ्या डब्याखाली सापडली.
आयुष्यात तेवढी एकच गोष्ट
त्यांनी हळू आवाजात केली.

पुढे माझ्या रात्रपाळ्या.
श्रवंतीचे बाबा... ते असो.
श्रवंती ताताच्या कुशीत वाढली.
ताताने तिला मागावरच्या खुणा शिकवल्या:
मूठ मिटून झटकन उघडली, धागा तुटला.
कपाळाला दोन बोटं, मालक आला.
अंगठा ओठांशी, चहा.
पाचही बोटं जुळवून तोंडाशी, भुवया वर:
जेवलीस का?
मधून टमटम जायच्या, विजापूरच्या एसट्या जायच्या,
शाळेच्या गेटातून या दोघांचं चाललेलंच.
बाई म्हणाल्या, मुलगी वर्गात बोलत नाही.
नायना ओरडले, "बोलते की! तुम्हाला ऐकू येत नाही!"

गड्ड्याच्या जत्रेत ती हरवली, सहा वर्षांची.
भोंग्यावर नाव पुकारत होते,
नायनांना कुठलं ऐकू येतंय.
मौत का कुआँच्या पुढ्यात, भर गर्दीत,
ते हात उंच करून उभे राहिले,
पाचही बोटं जुळवून,
पुन्हा पुन्हा तेच, एवढंच,
जेवलीस का, जेवलीस का.
लोक बघत होते. कुणीतरी त्यांना भिकारी समजून
दोन रुपये पुढे केले.
मग भज्यांच्या गाडीमागून
एक लहानसा हात वर आला
आणि हलला: नाही.

शेवटी माझ्याच वॉर्डात होते, सात नंबरला.
मी सवयीने कानाशी ओरडत राहिले
आणि बाकीचे पेशंट जागे होत राहिले.
मास्कमुळे त्यांना बोलता येईना.
पहाटे दाराच्या काचेत श्रवंती दिसली,
तसा सलाईनचा हात उचलला त्यांनी, अर्धाच.
बोटं नीट जुळली नाहीत.
भुवया मात्र वर गेल्या.
ती हो म्हणाली.
आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं तिच्या.

दहाव्याला शेजारच्या चंद्रकलाबाई म्हणाल्या,
फोटोखाली अंथरायला एखादी चांगली चादर नाही का गं?
एवढा विणकर माणूस.
आम्ही पेटी उपसली, माळा पाहिला.
नव्हती.
मग लाल संपून निळं सुरू होतं
त्या जागी फोटो ठेवला.